पाळ नसलेलं पाणी

चामोर्शीजवळच्या तळ्यात मासे धरायचे आणि पावसाळाभर पाळ कुठं खचली का ते बघत फिरायचं, यातच इस्तारीचा जन्म गेला. शहाण्णव साली बायकोच्या, गोकुळाच्या हट्टापायी तो रामेश्वरला गेला. समुद्र दिसताच त्याची नजर पाळ शोधू लागली. वाटाड्या सांगत होता, चौसष्टच्या वादळात शेजारचं धनुष्कोडी याच समुद्रानं गिळलं, आगगाडीसुद्धा सोडली नाही. इस्तारी पाण्यापासून दोन पावलं मागं सरकला.

"याले पाळच नाई! मंग हा थांबते कोनाच्या भरवशावर?"

गावी परतल्यावर मासळी वाढावी म्हणून गोकुळा समुद्राच्या तीर्थाची बाटली तळ्यात ओतायला निघाली. इस्तारीनं तिचं मनगट घट्ट धरलं.

"थांब! त्याले आपल्या गावचा रस्ता काऊन दाखवून राह्यली?"