आमच्या जीपच्या पाट्याचा सुरा

साल दोन हजार चोवीस. माझं वय एकाहत्तर, आणि उत्तम पोलाद कशाला म्हणतात हे आमच्या घरात फक्त मला कळत होतं.

शाळा तिसरीपर्यंत झाली. चौथीत गुरुजींनीच हात जोडले! पण लोखंडातलं मला कळतं. रानातला जुना घडीचा चाकू ऐन ऊस सोलताना मिटून माझ्याच बोटावर बसला, तेव्हा मी ठरवलं, आता सुरा करायचा तो बिनघडीचा. नातवानं त्याच्या नातवाला द्यावा असा!

थोरला पोरगा दिगंबर मोबाईल घेऊन आला. "आबा, हे बघा. परदेशी पोलाद हाय. लई भारी."

पोलादाचं नाव होतं मोटारीच्या नंबरासारखं.

"ह्ये वाकतंय का?" मी विचारलं.

"पोलाद कशाला वाकंल?"

"मंग मोडंल!" (कडक वेगळं आणि चिवट वेगळं. कानस कडक असते, पण फरशीवर पडली की पापडासारखे दोन तुकडे. सुऱ्याचं पोलाद चिवट पाहिजे. वाकावं आणि रागानं परत सरळ व्हावं.) "असलं पोलाद म्हंजे जीपच्या चाकावरचा पाटा. सगळं वजन त्योच झेलतोय."

"मंग भंगारातून आणू."

"भंगारातला पाटा कुठं आपटलेला, काय ठावं? आपल्या जीपचा पाटा वीस वर्षं माझ्या डोळ्यांदेखत वाकलाय अन् सरळ झालाय. त्याचं खानदान ठाऊक हाय मला!"

घरातले सगळे अंगणातल्या जीपकडं बघायला लागले. जीप चालू होती ना!

"अवो, सुरा करायलाव का सोयरीक?" चुलीपुढून कारभारीण.

दिगंबरनं संधी साधली. जीपच्या चावीवर त्याचा कधीचा डोळा. म्हाताऱ्यानं गाडी चालवू नये म्हणे! ती चावी मी करदोट्याला बांधून झोपतो.

"पैज, आबा. तुमचं पोलाद हरलं, सुरा मोडला, तर चावी माझी."

"अन् जिंकलं तर मी मरेस्तोवर चावीचं नाव काढायचं न्हाई!"

"हाव. कबूल."

कंधारच्या लोहारानं मागच्या चाकावरचा एक पाटा काढला, तापवला, ठोकला, तेलात विझवला आणि मंद विस्तवावर धरून त्याचा ताठा उतरवला. (माझा ताठा उतरवणारा विस्तव कुठं मिळतो, हे कारभारणीनं त्याला दोनदा विचारलं.) सुरा असा झाला की बघत राहावं. उरलेले पाटे आवळून जीप घरी आणली. जरा डावीकडं कलायची. "रस्ताच तिरका हाय," मी सांगायचो. अंगणात उभी असली तरी!

मग आली येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. आमच्याकडं त्या दिवशी सगळं घर रानात जेवतं. लातूरचे व्याही, म्हणजे दिगंबरचे सासरे, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत हजर. जीपमध्ये अकरा माणसं, भाज्यांच्या भज्जीचं पातेलं आणि आंबिलीची बिंदगी, म्हणजे घागर. बिंदगीला जागा उरली नाही, म्हणून ती मानानं व्याह्यांच्या मांडीवर दिली. डाव्या बाजूला!

"आबा, खालून काय तरी घासायलंय."

"गप बस. पोलाद बोलायलंय!"

ओढ्यात उतरलो आणि पोलाद शेवटचं बोललं. काड्! डावी बाजू म्हशीसारखी पाण्यात बसली, आणि आंबील व्याह्यांच्या डोक्यापासून धोतरापर्यंत.

व्याह्यांनी मिशीवरनं जीभ फिरवली.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले.

मी मात्र सुरा काढला! जीप उचलायला दांडका पाहिजे होता. बाभळीच्या फांदीवर सुरा ठेवून वरनं दगड हाणला. फांदी चिरली, पण सुरा फटीत अडकला. मूठ धरून लोंबकळलो, सुरा वाकला, आणि सुटताच टणकन सरळ! धारेला खाच नाही. जीप तेवढी उचलली नाही.

"बोल, हरलं का पोलाद?"

"न्हाई, आबा," दिगंबर ओल्या सासऱ्याकडं बघत म्हणाला. "पोलाद जिंकलं. जीप गेली."

"पैज पोलादाची व्हती!"

पोरगं शब्दाला जागलं. चावी माझ्याकडंच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, कमरेला एका बाजूला सुरा लावला, दुसऱ्या बाजूला जीपची चावी, आणि ऐटीत रानाकडं चालत निघालो.