दोन बिघडले, तिसरा कुठून घ्यावा?

आधी तो चहाचा कप खाली ठेवा. हो, ठेवाच! मागे हा किस्सा सांगत होतो, तेव्हा आमच्या परबाला ऐन घोटात हसू फुटलं आणि चहा नाकातून आला. त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर. तेव्हा कप खाली, आणि मग ऐका, एक शिकलासवरलेला माणूस स्वतःची किती शोभा करून घेऊ शकतो ते.

शिकलेला म्हणजे किती? परळच्या कॉलेजात मी उभा जन्म संख्याशास्त्र शिकवलं. डॉक्टरेट आहे. पण घराबाहेर पडलो की लिफ्टमधून परत वर येऊन गॅस बंद आहे का बघतो. तो बंदच असतो. मग खाली गेल्यावर वाटतं, बघताना चुकून चालू तर नाही ना केला? मालती, म्हणजे आमची सौ., म्हणते, "तुमच्या डॉक्टरेटचं सर्टिफिकेट गॅसच्या वर लावू या. निदान त्यालाच विचारत जा."

तर झालं काय, निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी कॉलेजातून फोन आला. प्राचार्या वैशाली, माझीच जुनी विद्यार्थिनी. "सर, एक व्याख्यान द्याल? ऑनलाईन. कोकणातल्या कॉलेजांतली मुलंही ऐकतील."

माझा पहिला प्रश्न काय असावा? "नक्की मलाच विचारतेयस ना? दुसरे कोणी नाईक सर होते का तिथे?"

"सर, तुम्हीच! विषयही तुमचाच. 'कारण की योगायोग?'"

हा माझा लाडका विषय. कोंबडा आरवतो आणि सूर्य उगवतो, म्हणून कोंबड्यानं सूर्य उगवत नाही, हे मी हजारो मुलांच्या डोक्यात घातलेलं. फोन ठेवला आणि घरात येरझारा घालायला लागलो. मला बोलावलं! अजून कोणाला तरी माझी आठवण आहे! आणि लगेच शंका. जमेल का? माझा लॅपटॉप तर इतका जुना, की चालू करून आंघोळ करून यावं. ऐन व्याख्यानात तो बंद पडला, तर मुलं म्हणणार, म्हातारा संपला.

नवा लॅपटॉप हवा! ऑनलाईन मागवला. आला. मालती लगेच हळदकुंकवाचं तबक घेऊन हजर.

"थांब," मी म्हणालो. "यंत्राची पूजा कसली करतेस? ते विजेवर चालतं, कुंकवावर नाही."

"फ्रिजची केली होती. वीस वर्षं चालला."

"पूजेमुळे चालला की कंपनीमुळे? हाच तर माझ्या व्याख्यानाचा विषय आहे!" आणि मी तिला तिथल्या तिथे पाऊण तास व्याख्यान दिलं. ती तबक घेऊन आत निघून गेली.

पण खरं सांगू? ती भाजीला गेल्यावर मला चैन पडेना. फ्रिज वीस वर्षं चालला होता हो! करून ठेवायला काय हरकत आहे? कोण बघतंय? मी हळूच देवघरातून तबक आणलं, लॅपटॉप उघडला, कुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली, चार अक्षता वाहिल्या, सगळं पुसलं आणि तबक जागच्या जागी ठेवलं. मन शांत झालं. शास्त्र शास्त्राच्या जागी, खबरदारी खबरदारीच्या जागी.

संध्याकाळी टाइप करायला बसलो, तर शब्दांमधली जागाच सुटेना. स्पेसची लांब पट्टी दाबावी तर घट्ट! पहिलं वाक्य मालगाडीसारखं एकाला एक जोडून निघालं.

"खराब माल!" मी ओरडलो. कंपनीला फोन केला, तक्रार केली, आणखी एक तक्रार केली. त्यांनी तो नेला आणि दुसरा दिला.

दुसऱ्याच्या वेळी मी काय केलं असेल? मला वाटलं, पहिल्या वेळी घाईत पूजेत काही कमी राहिलं. म्हणून या खेपेला मालती भजनाला गेल्यावर अथर्वशीर्ष म्हटलं, कापूर लावला आणि अक्षता मूठभर वाहिल्या. कंजूषपणा नको!

दुसऱ्या दिवशी एंटरचं बटण जे आत गेलं ते वर येईना. पडद्यावर कोरी पानं पळायला लागली. मी दोन्ही हातांनी पडदा धरला, जणू काही पानं थांबतील!

तोही तपासायला नेला, आणि या वेळी कंपनीतल्या मुलीचा उलट फोन आला. "सर, कीबोर्डमध्ये फूड पार्टिकल्स मिळालेत."

"फूड?" माझा रक्तदाब चढला. "म्हणजे मी लॅपटॉपवर जेवतो असं म्हणायचंय तुम्हाला? बाई, मी डॉक्टरेट आहे!"

"सर, काहीतरी खाण्याचं आत गेलंय."

"मी जेवणाच्या टेबलाशिवाय पाण्याचा घोटही घेत नाही! माझ्या बायकोला विचारा!"

मालती आतून म्हणाली, "ते मात्र खरं आहे हो. फार वाईट खोड आहे."

शेवटी कंपनी कंटाळली आणि पैसे परत दिले. मी जिंकलो! पण लॅपटॉप काही हातात राहिला नाही, आणि व्याख्यान शनिवारवर आलेलं.

आता प्रश्न एकच. भरवशाचा लॅपटॉप घ्यायचा कुठून?

मी परबाला बोलावलं. आम्ही दोघे लालबागच्या एकाच चाळीत वाढलो. आता चाळीच्या जागी टॉवर झाला आणि आम्ही त्यात समोरासमोर राहतो. त्याचे वडील गिरणीत होते. तो सगळ्या जगाला एकेरीत हाक मारतो आणि चिडला की मालवणीत शिरतो.

"नाना, ऑनलाईन घेतलंस हीच तुझी चूक. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात चल. माझा भाचा ओळखतो सगळ्यांना."

"तिथे खरं-खोटं कसं ओळखायचं?"

"मग परळच्या मॉलमध्ये घे."

"तिथली मुलं मला 'अंकल, फुल ऑन गेमिंग' म्हणतात. मी काय गेम खेळणार?"

"अरे मेल्या, मग घेऊच नको! वहीवर लिही आणि खिडकीतून व्याख्यान दे. कोकणात ऐकू जाईल!"

पण थोड्या वेळानं त्यानंच एक शोध लावला. खिडकीशी उभं राहून त्यानं जोरात शिंक दिली आणि म्हणाला, "नाना, गावला! माका गावला! मशीन खराब नाय रे. ही मिरची बघ!"

आमच्या खालच्या गल्लीत मसाल्याची दुकानं. मे महिना म्हणजे वर्षाचा मसाला कांडून घ्यायचा हंगाम. दिवसभर मिरची कांडणारी यंत्रं, म्हणजे डंख, धडधडतात आणि आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळे शिंकत असतात.

"तो मिरचीचो खकाणो मशीनात शिरता," परब म्हणाला. "माणसाचो जीव कासावीस होता, मशीनाचा काय घेऊन बसलंस?"

मी थक्क झालो. बरोबर! त्या मुलीनं काय सांगितलं होतं? खाण्याचं काहीतरी! मिरची खाण्याचीच की! दोन्ही लॅपटॉप याच हंगामात बिघडले. पुरावा जुळला, कारण मिळालं! मी परबाला मिठी मारली. आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवल्याचं सार्थक झालं असं वाटलं.

त्याच दिवशी खिडक्या बंद केल्या. फटींना चिकटपट्टी लावली, दाराखाली ओला पंचा कोंबला. मालती म्हणाली, "अहो, मे महिना आहे. लॅपटॉप वाचेल, आपण नाही वाचणार."

दुकान मात्र दादरचं ठरवलं. का, तर ते स्टेशनजवळ आहे, पुरणचंदशेठ स्वतः गल्ल्यावर बसतात आणि काही झालं तर तिथे जाऊन समोरासमोर भांडता येतं. ऑनलाईनवाल्यांशी भांडणात मजा नाही. आपण रागानं थरथरतो आणि तिकडून गाणं वाजत राहतं.

शुक्रवारी सकाळी शेठना गाठलं. खोकं माझ्यासमोर उघडायला लावलं. एकेक बटण दाबून बघितलं. पुन्हा बघितलं. मग परबाला बघायला लावलं.

शेठ म्हणाले, "काका, लॅपटॉप घेताय की जावई बघताय?"

"जावई बघितला होता, तेव्हा इतकं बघितलं नव्हतं," परब म्हणाला. "म्हणूनच आता बघतोय!"

झालं. तिसरा लॅपटॉप घरी आला. पाच वाजता वैशालीबरोबर चाचणी ठरली होती. शनिवारी फजिती नको म्हणून आज सगळं जोडून बघायचं. मालती आत जरा पडली होती. मी अर्थातच फार आधी तयार! लिंक दाबली. पडद्यावर आलं, थांबा, तुम्हाला आत घेतलं जाईल. म्हटलं, अजून कोणी आलेलं नाही. वेळ आहे.

आणि वेळ होता म्हणूनच घात झाला.

मिरचीचा बंदोबस्त झालाच होता. पण तिसरी खेप आहे, उगाच विषाची परीक्षा कशाला? मालती जागी होऊ नये म्हणून लॅपटॉपचा आवाज पूर्ण बंद केला आणि चवड्यांवर चालत देवघरात गेलो. समई, उदबत्ती, कापूर, नारळ, आणि अक्षता वाटीभर. आता कसर ठेवायची नाही!

ज्योत विझू नये म्हणून पंखा बंद. खिडक्या आधीच बंद. कापराचा धूर खोलीत असा कोंडला, की डोळ्यांतून धारा लागल्या. चष्मा काढून बाजूला ठेवला. पडद्यावर पुसट रंगीबेरंगी चौकोन दिसत होते. म्हटलं, वा, शेठनी वॉलपेपर छान दिलाय!

मग मी लॅपटॉपसमोर हात जोडले आणि मोठ्यानं बोललो. हो, मोठ्यानं! भावनेच्या भरात मालतीचाही विसर पडला. "बाबा रे, माझी अब्रू तुझ्या हातात आहे. आधीचे दोघे नालायक निघाले. तू तरी शहाण्यासारखा वाग. उद्या त्या पोरांसमोर मला तोंडघशी पाडू नकोस. मला धड येतं काही की नाही, याची माझीच मला खात्री नाही. तुझी तरी असू दे!"

आणि एकेक श्लोक म्हणत अक्षता वाहायला लागलो. बटणांवर टप टप टप. छान वाजत होतं. पडद्यावरचे चौकोन हलल्यासारखे वाटले. मला वाटलं, प्रसन्न झाला!

तेवढ्यात आतून मालतीचा आवाज. "अहो! अहो, ऐकलंत का? वैशालीचा फोन आलाय!"

ती कानाला मोबाईल लावून दारात आली आणि तशीच उभी राहिली. समोर धुराचे लोट, हातात आरती, लॅपटॉपला कुंकू, आणि मी.

"तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्ही पूजा करताय? मला पाऊण तास..."

"अगं, खबरदारी म्हणून. ती काय म्हणतेय?"

मालतीनं फोन कानाला नीट लावला, ऐकलं आणि मला शब्दशः सांगितलं. "ती म्हणतेय, सरांना म्हणावं, तांदूळ टाकू नका. बटणांच्या फटीत जातील. आम्हाला सगळ्यांना दिसतंय."

सगळ्यांना?

मी चष्मा शोधला. घातला. तो वॉलपेपर नव्हता हो! प्रत्येक चौकोनात एकेक माणूस होता. वैशाली, तिचे सगळे प्राध्यापक, तिकडे रत्नागिरीची मुलं. कोणी तोंडावर हात धरलेला, कोणी टेबलाखाली गेलेलं, आणि एका कोपऱ्यातल्या वृद्ध बाईंनी मात्र भक्तिभावानं हात जोडलेले.

मी स्पेसची पट्टी दाबली. घट्ट.

त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फूड पार्टिकल्स! आता तुम्ही म्हणाल, एवढ्या शिकलेल्या माणसाला हे आधी कसं कळलं नाही? अहो, पण अक्षता हे खाणं आहे, असं तुमच्या तरी कधी मनात आलंय का? खाणं म्हटल्यावर मला पोहे दिसले, उपमा दिसला, गल्लीतली मिरचीसुद्धा दिसली. अक्षता म्हणजे अक्षता! त्या डोक्यावर पडतात, देवावर पडतात. त्या भाताच्या जातीच्या आहेत हे मी लहानपणीच विसरलो होतो. जितका बिघाड तितक्या जास्त अक्षता, आणि जितक्या जास्त अक्षता तितका मोठा बिघाड! वर्गात फळ्यावर काढावा असा सरळ चढता आलेख, आणि तो काढणारा मी!

मालतीनं आवाज चालू केला, लॅपटॉप उचलला, सूप पालथं करतात तसा पालथा केला आणि पाठीवर थोपटला. सगळ्या महाराष्ट्रासमोर टेबलावर अक्षतांचा सडा पडला. पट्टी दाबली. चालली! टाळ्या पडल्या. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

"सर," वैशाली डोळे पुसत म्हणाली, "उद्या नक्की या. एवढं चांगलं उदाहरण आम्हाला पुस्तकात सापडणार नाही."

त्या दिवशी मला घास गेला नाही. परब मात्र मालतीकडून सगळं ऐकून गेला, जेवून परत आला आणि दारातूनच म्हणाला, "मग नाना, लॅपटॉप शेवटी खंय घेवचो?"

"कुठूनही घे," मी म्हणालो. "फक्त तो घरात आणायच्या आधी घरातला शिकलेला माणूस बाहेर पाठव."

शनिवार उजाडला. मी कोट घालून टेबलाशी बसलो. चार्जर लावलाय का ते पुन्हा पुन्हा बघत होतो. तेवढ्यात मालती तबक घेऊन आली. मी दोन्ही हात आडवे करून लॅपटॉपवर पडलो. "नको गं, त्याला नको!"

"त्याला नाही, तुम्हाला," ती म्हणाली. "बिघाड कुठे आहे ते कळलंय आता." तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, आणि एवढंच म्हणाली, "छान बोलाल. मला माहीत आहे."

खरं सांगतो, माझी सगळी धडधड थांबली. व्याख्यान सुरू करायची वेळ झाली. पडद्यावर माणसंच माणसं, ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त! का ते मी विचारलं नाही. मी हात जोडले आणि नम्रपणे मान खाली घालणार, इतक्यात रत्नागिरीच्या चौकोनातून एक मुलगी जिवाच्या आकांतानं ओरडली,

"सर, वाकू नका! खाली कीबोर्ड आहे!"