एका भिंतीवर तीन पंडित

"प्रिंटिंग थांबवा," असं प्रेसला फोनवर सांगून मी मान वर केली, तर आमच्या डिझाइन फर्मचे मालक बिराजदार सर दारातच उभे.

"कुणाला विचारून थांबवलं, मॅडम? परवा उद्घाटन हाय."

सोलापुरातल्या एका बुद्धविहारातल्या प्रदर्शनाचं काम होतं. चीनच्या बादशहाच्या दरबारात एक बौद्ध पंडित होता. तिबेटी, मंगोल, चिनी, मांचू या भाषांमध्येच त्याची हयात गेली. त्याचं चरित्र मराठी, कन्नड आणि तेलुगूत एकाच पॅनलवर, म्हणजे भिंतीवरच्या मोठ्या छापील बोर्डवर, यायचं होतं. वेळ वाचावा म्हणून सरांनी इंग्रजी मजकूर तिघांना वेगवेगळा पाठवला. मराठी माझ्याकडे, कन्नड कलशेट्टी मॅडमकडे, तेलुगू गड्डम सरांकडे.

माझं माहेर अक्कलकोटचं, त्यामुळे कन्नड येतं. प्रूफ तपासताना सवयीने कन्नडही वाचलं. माझ्या मराठीत पंडित बादशहाचा गुरू होता, कन्नडमध्ये पदरी ठेवलेला नोकर. गड्डम सरांना फोन केला, तर त्यांनी त्याला मंत्री करून टाकलेलं.

"सगळं कोण वाचत बसतंय?" सर म्हणाले.

"सर, सोलापूर आहे. दोन भाषा वाचणारे गल्लोगल्ली आहेत."

मला चीड आली होती ती आम्हा सगळ्यांचीच. बादशहाने ग्रंथांच्या भाषांतराची घाई केली, तेव्हा या पंडिताने आधी भाषांतरकारांना एकत्र बसवून कुठल्या शब्दाला कुठला शब्द वापरायचा हे ठरवून घेतलं. आम्ही त्याला ग्लॉसरी म्हणतो. हा प्रसंग तिघांनीही झकास उतरवला होता. तसं वागलं मात्र कुणीच नव्हतं.

"दोघांना इथं बोलवा. नाहीतर पॅनलवरून माझं नाव काढा."

सर बसले, उठले, पुन्हा बसले. शेवटी त्यांनीच फोन लावले.

दिवसभर भांडलो. गड्डम सर मंत्री सोडेनात. "दरबारात बसतो म्हंजे मंत्रीच की."

"बादशहा त्याच्यापुढं गुडघे टेकतो, असं तुमीच लिवलंय," कलशेट्टी मॅडम म्हणाल्या. "मंत्र्यापुढं टेकंल व्हय?"

गड्डम सरांनी प्रूफवरचा मंत्री खोडला. मग म्हणाले, "गुरू करा."

मॅडमनीही आपला नोकर खोडला.

उद्घाटनाच्या दिवशी पॅनल आलं तेव्हा पाहुणे हार घेऊन उभे होते. सर माझ्याशी बोलत नव्हते. काही राहून गेलं असेल तर, या धास्तीने मी भिंतीपाशीच घुटमळत होते. एक आजी तेलुगू वाचून मराठीकडे सरकल्या आणि परत तेलुगूकडे गेल्या. मी पुढे झाले.

"काय झालं, आजी?"

"दोन्हीकडं सारखंच लिवलंय की," त्या वैतागून म्हणाल्या. "मग दोनदा कशाला लिवलं?"

भाषांतर जमलं की लोकांना वाटतं, त्याची गरजच काय होती. तसं कुणी म्हटलं की समजावं, काम झालं.