सकवारबाईला ऐकू येणारे आवाज

सकवारबाई तिशीची असताना तिच्या थोरल्या भावाने, भगवंतरावांनी, बंगळूरच्या चिकपेटेतली भाड्याची खोली सोडून जयनगरात घर केलं. जुन्या जागी ती घरबसल्या एका शिंप्याची काजं करायची. नव्या घरात तिने जेवण टाकलं. कान झाकून कोपऱ्यात डुलत बसायची. घाबरून भगवंतरावांनी तिला मनोरुग्णांच्या इस्पितळात नेलं.

"आवाज ऐकू येतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"येतात. सारखे."

तेवढ्यावर स्किझोफ्रेनिया ठरला. काही महिने वॉर्डात काढून ती घरी आली, ती गोळ्या घेऊनच. गोळ्यांनी हात कापायचे; सुई सुटली.

एकोणीसशे पासष्ट साली इस्पितळात बिंदुमाधव नावाचे नवे डॉक्टर आले. त्यांनीही तोच प्रश्न विचारला. सकवारबाई भावाकडे वळली.

"अण्णा, काय सांगू?"

"खरं ते सांग, सकू."

"येतात," ती म्हणाली. भगवंतरावांनी डोळे मिटले.

"कसले?" डॉक्टरांनी विचारलं.

"बाहेर झाडू मारतायत. पंखा करकरतोय. पलीकडे कोणी भांडी घासतंय."

"आणि कोणी नसताना कोणी बोलतं?"

"कोणी नसताना कोण बोलणार?"

मग डॉक्टरांनी भगवंतरावांना तिच्या लहानपणाबद्दल खोदून खोदून विचारलं: बोलायला कधी लागली, पोरींत खेळायची का, जागा बदलली की काय करायची.

"हा स्किझोफ्रेनिया नसावा," ते शेवटी म्हणाले. "मुलांत असं दिसलं की पूर्वी तेच नाव द्यायचे. हल्ली काही जण ऑटिझम वेगळा धरतात."

"मग हिला तोच आहे?"

"मला वाटतं. पण ते निदान मुलांचं. मोठ्या बाईला ते द्यायची रीत नाही अजून."

"मला आत ठेवणार?" सकवारबाईने विचारलं.

"नाही. गोळ्या कमी करू."

"दुसरे डॉक्टर आले तर?"

त्यांनी गोळ्यांची नवी चिठ्ठी लिहून भगवंतरावांच्या हातात दिली.

हळूहळू हाताचा कंप ओसरला, ती पुन्हा काजं करू लागली. पण तपासणी जवळ आली की घास उतरत नसे. भगवंतराव आधी आत जाऊन डॉक्टरांच्या खुर्चीवर कोण आहे ते बघत, सगळं समजावत, मगच तिला बोलावत. बिंदुमाधवांची बदली झाल्यावर एका डॉक्टरांनी ऐकून न घेता जुनंच नाव उच्चारलं आणि गोळ्या वाढवायला सांगितल्या. सकवारबाई उठून सरळ फाटकाबाहेर गेली.

भगवंतराव तिच्यामागे धावले. "चल घरी," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी तिला तिथे नेलं नाही.