नारबोदीतून परत आणलेलं सूप

माझ्या मोठीआईवर अन्याय झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे नारबोदीला, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी झाला. वेळ मी घड्याळात पाहून ठेवली, कारण आमच्या संघटनेत पहिल्या दिवशी हेच शिकवतात: कुणावर, कधी, कुणी. कुणी, तेही सांगते. मोठेबाबांनी. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मोठीआईचे नवरे, भरवेलीच्या खाणीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेले, बालाघाटात आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे आणि जगातली एकही वस्तू कधी निकामी होते हे अमान्य असलेले एकमेव गृहस्थ. उद्या यम न्यायला आला तर मोठेबाबा त्याला अंगणात थांबवतील, रेड्याचं शेण गोळा करून घेतील, आणि मगच निघतील.

त्यांच्या मोरीतला साबण मी जन्मल्यापासून एकच आहे. नवी वडी आली की जुन्या वडीची उरलेली चकती ओली करून तिच्या पाठीवर दाबून बसवायची. सकाळपर्यंत दोन्ही एकजीव. त्यामुळे तो साबण कधी संपत नाही, फक्त रंग बदलतो. वरून गुलाबी, मधे हिरवा, आणि पोटात कुठेतरी माझ्या बारशाच्या वेळचा पिवळा असणार अशी माझी खात्री आहे. टूथपेस्टच्या ट्यूबचे हाल मी लिहायला बसले तर एक स्वतंत्र पत्रक होईल. ती आधी लाटण्याखाली जाते, मग पकडीत, आणि शेवटी पत्रा कापायच्या कात्रीने तिचं पोट उभं चिरलं जातं. त्यानंतरही ती आठ दिवस चालते. ट्यूबांची संघटना नाही, म्हणून चालतं हे सगळं.

आणि कुकर. पहिली शिट्टी झाली की गॅस बंद. दुसरी शिट्टी ही मोठेबाबांच्या मते श्रीमंतांची चैन. मग तो तापलेला कुकर जुन्या गोधडीत गुंडाळून दिवाणावर भिंतीला टेकवून ठेवायचा, आतला भात आपल्याच उबेने शिजतो. शिजतो, हे मलाही कबूल करावं लागतं. पण एकदा कटंगीहून एक दूरचे पाहुणे आले. अंगाने भरलेले, उन्हातून आलेले. त्यांनी गोधडीला लोड समजून पाठ टेकली आणि पूर्ण भार दिला. गोधडीतून एक लांब सुस्कारा निघाला. पाहुणे असे उडाले की खाली आले ते थेट चपला घालूनच.

"बसा जी, बसा," मोठेबाबा म्हणाले, "तुमच्याच जेवनाचा भात आहे. थोडं आखीन जोर देऊन टेकले असते त लवकर झाला असता."

मे महिन्यात त्या घरात एकच पंखा फिरतो. स्वयंपाक करणारी, पेपर वाचणारे, पाहुणे, सगळ्यांनी त्याच खोलीत यायचं. "पंखे फिरवाचे का मानसं?" हा त्यांचा सवाल आहे, आणि तो ते अशा काही ठामपणे विचारतात की उत्तर देता देता आपणच पंख्याखाली जाऊन बसतो. मोटारसायकलवर उतार लागला की इंजिन बंद. मागे मी बसलेली असले तर वर सूचना: "हालू नको, गाडी थांबते."

माझं त्यांच्याशी खरं वैर पत्रकांवरून. मी लिहिते, छापून आणते, चौकाचौकात वाटते. उरलेली पत्रकं घरी येतात आणि मोठेबाबांच्या ताब्यात जातात. एका बाजूने कोरी असली की ते आमच्या संघटनेचं तोंड भरून कौतुक करतात. "इतकी चांगली संस्था मी नाई पाह्यली बाप्पा. अर्धा कागद लोकायसाठी सोडते." एकदा मुद्दे जास्त होते म्हणून आम्ही दोन्ही बाजूंनी छापलं, तर ते दुखावले. "मांगं काहून लिवलं वो? समोरच्यात भागलं नाई का तुमचं?" बसस्टँडवर बायकांसाठी स्वच्छतागृह झालंच पाहिजे, ही माझी मागणी आज त्यांच्या स्वयंपाकघरात ओव्याची पुडी होऊन बसली आहे. आणि कागद वाया जाऊ नये म्हणून ते छापील बाजूही वाचतात. पूर्ण, चुकांसकट. एवढा मन लावून वाचणारा वाचक मला गावात दुसरा नाही, आणि तोच मला महाग पडला.

आता नारबोद. नागपूरकडे ज्या दिवशी मारबत काढतात त्याच दिवशी आमच्याकडे नारबोदीची बाहुली निघते. भल्या सकाळी गल्लीतली पोरं ती उचलतात आणि "खोकला, खाज घेऊन जा गे नारबोद!" असं ओरडत वस्तीबाहेर, नाल्यापलीकडे नेऊन टाकतात. घरातल्या बाया झिजलेला झाडू, फुटकं मडकं, फाटकं पायपुसणं असं काहीबाही त्यांच्यासोबत देतात. घरातली पीडा त्या वस्तूबरोबर बाहेर. टाकल्यावर मागे वळून पाहायचं नाही, आणि टाकलेलं परत आणणं तर कुणाच्या स्वप्नातही येत नाही.

कुणाच्या म्हणजे, मोठेबाबा सोडून कुणाच्या.

मोठीआईने त्या दिवशी एक जुनं बांबूचं सूप दिलं. काठ उसवलेलं, मधे दोन भोकं. ते तिने आधी आपल्या दोन्ही गुडघ्यांवरून उतरवलं, कारण गुडघ्यांनी तिला वर्षभर छळलं होतं, आणि मग पोरांच्या हाती दिलं. मोठेबाबा तेव्हा दूध आणायला गेले होते. येताना नाल्यापलीकडे त्यांना आपलं सूप दिसलं. सात चाळीसला ते एका हातात दूध आणि दुसऱ्या हातात सूप घेऊन दारात उभे होते. चेहरा असा, की हरवलेली म्हैस सापडली.

"हे कोनं फेकलं? याले त दोन टाके लागते फक्त."

मोठीआई ओरडली नाही. तीच पंचाईत झाली. मोटारीच्या वाइंडिंगची तांब्याची तार काढून सूप शिवायला बसलेल्या नवऱ्याकडे तिने दोन मिनिटं पाहिलं, पदर खोचला, आणि शेजारी आमच्या घरी येऊन बसली. "ते सूप हाय तोवर मी त्या घरात पाय ठेवत नाई." माझ्या आईने हिशेबाने सांगितलं की पुढची नारबोद यायला वर्ष आहे. "त वर्षभर राहीन," मोठीआई म्हणाली. चेष्टेत नव्हती. नवऱ्याशी तिने बोलणं बंद केलं.

गल्लीत बातमी पोचायला दुपारही लागली नाही. समोरच्या काकू भिंतीवरून, मोठेबाबांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "नारबोद वापस लेके आए हैं! अब भुगतो."

मी अर्थातच धावून गेले. अन्याय दिसला की मी धावते, ती सवय आहे. म्हटलं, "मोठेबाबा, ते सूप आत्ताच्या आत्ता बाहेर टाका. ही आमची मागणी आहे."

"आल्या नेताइन," ते म्हणाले. मग उठले, ओव्याचा डबा काढला, त्यातली दुसरी पुडी सोडली, आणि तिची छापील बाजू माझ्यासमोर धरली. स्वच्छतागृहाची नव्हती. त्याच्या आधीच्या वर्षीची होती. मीच लिहिलेली. "वाच. 'दुखणी नारबोदीने जात नाहीत, दवाखान्यात जा.' लिवलं का नाई तू? मंग जे जात नाई ते वापस कसं येईन?"

मी शिकले आहे मोर्चा काढायला, माझ्याच पत्रकाविरुद्ध मोर्चा कसा काढायचा ते कुणी शिकवलेलं नाही. "ते वेगळं," एवढं बोलून मी परत आले.

चार दिवस मोठेबाबांनी घर एकट्याने चालवलं. भात गोधडीत शिजत होता, पंखा एकच फिरत होता, सुपात तांदूळ पाखडले जात होते. पाचव्या दिवशी सकाळी ते अंगणात आले ते उजवा पाय ओढत. समोरच्या काकूंनी ते पाहिलं आणि हात जोडले, नारबोदीला की देवाला ते कळलं नाही. गल्लीचा निकाल लागला: मोठीआईचा गुडघा सुपातून मोठेबाबांच्या अंगात आला.

मी चिडले. म्हटलं, या गावात कारण कुणी शोधतच नाही. मी त्यांच्या घरात जाऊन दिवसभर बसले आणि शोधलं. तांदूळ धुतल्याचं पाणी, भाजी धुतल्याचं, कपडे शेवटचे खळबळल्याचं, यातला एक थेंबही मोरीत जात नाही. सगळं बादलीत, आणि बादली गच्चीवरच्या कुंड्यांना. जिन्याला उंच पायऱ्या चौदा. दिवसाला बादल्या सहा. पावसाळ्यातसुद्धा, कारण अर्ध्या कुंड्या पत्र्याच्या शेडखाली. तिसऱ्या बादलीला मोठेबाबा सातव्या पायरीवर बसले.

"इतकं पानी रोज वर कोन नेते?" त्यांनी मला विचारलं. खरंच विचारलं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की पाणी वाचतं. ते वर कसं जातं, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता.

मी भिंतीपलीकडे, मोठीआई बसली होती तिकडे बोट दाखवलं. तोंड उघडलं असतं तर भाषण झालं असतं.

त्या संध्याकाळी मी मोठीआईला सगळं सांगितलं, मला वाटलं ती खूश होईल. ती आमच्या ओट्यावर लसूण सोलत होती. "गुडघ्याचं सोड वो," ती म्हणाली. "गुडघा का सुपानं जाते? मलेबी समजते. पन त्या घरात मी आली तवापासून काही बाहेर जात नाई. फुटलं त जोडते, फाटलं त शिवते, सडलं त झाडाले घालते. मीबी तसंच करते, मले येते सगळं. पन वर्षातून एक दिस मले काहीतरी फेकाले भेटते, पोरी. हातातून सोडाले भेटते. तोबी यानं वापस आनला."

हे मी मोठेबाबांना जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द माझा न घालता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी हाक मारली, "गाडी काढ. मले चालवत नाई." सूप त्यांच्या मांडीवर होतं.

नाल्यापलीकडे मी गाडी थांबवली. बाहुलीच्या काड्या अजून तिथे ओल्या पडल्या होत्या. मोठेबाबा उतरले, दगडावर बसले, आणि सुपाच्या काठाची तांब्याची तार एक एक वेढा करत सोडवायला लागले. पाच मिनिटं लागली. गुंडाळी करून ती त्यांनी खिशात घातली.

"मोठेबाबा!"

"सूप तिचं आहे," ते म्हणाले. "तार माही."

मग त्यांनी सूप ठेवलं. फेकलं नाही, ठेवलं, पाखडायची बाजू वर करून. आणि गाडीवर येऊन बसले. वाटेत त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. पण मान इतकी ताठ धरली होती की आरशात मला ते बघवत नव्हतं. शेवटी मीच वळून पाहिलं. मला कुठल्या पीडेची भीती आहे?

मोठीआई आमच्या दारात उभी होती. सहा दिवसांनी ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलली.

"तार काहाडली असंन?"

"हौ."

"वाटलंच," म्हणाली, आणि आपल्या घरात गेली.

आता गच्चीवर मोठेबाबांनी भंगारातलं एक चाक बसवून दोर सोडला आहे. मोठीआई खाली बादली अडकवते, ते वरून ओढतात, आणि अर्धं पाणी दोघांच्या अंगावर सांडतं त्यावरून भांडतात. गेल्या बाजाराला तिने नवं सूप आणलं. मोठेबाबांनी ते हातात घेतलं, काठ दाबून पाहिला, मधे बोट फिरवलं. मी वाट पाहत होते की आता बोलतील, वीण ढिली आहे, जुनंच बरं होतं. त्यांनी ते खुंटीला अडकवून दिलं. हा विजय माझा की मोठीआईचा ते मला सांगता येत नाही. एवढंच की त्या क्षणी ते मला फार म्हातारे दिसले, आणि मनात आलं, भांडा ना हो थोडं.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडे एकच मागणी आहे, निवेदन नाही, मागणी. तुमच्या घरात जी बाई रोज सगळं जोडते, शिवते, पुरवते, तिला आज विचारा की तुला काय फेकायचं आहे. ती दाखवेल ते उचला. चांगलं आहे, कामाचं आहे, दोन टाके लागतात, असं एक अक्षर बोलू नका. तिला सोबत घ्या, आणि तिच्या हाताने टाकू द्या.