पूर्ण एक मिनिट

हातात कुणाचं मनगट असलं की कुंदाताई कुणाशीच बोलत नसत. एकदा तालुक्याचे साहेब दारात उभे राहिले, तरी त्यांनी मान वर केली नाही. मोजून झाल्यावर म्हणाल्या, "या साहेब. मध्येच बोलले असते तर पुन्हा एकपासून सुरुवात."

मूळच्या नरपडच्या कुंदाताई तलासरीकडच्या आमच्या टेकडीवरल्या उपकेंद्रात नर्स होत्या. मी त्यांच्या हाताखाली नवी. मला सगळं झटपट आणि तक्त्यात बसवलेलं हवं असे. तपासणीच्या पहिल्याच दिवशी, पाड्यावरून चढून आलेल्या माणसांना मी दारातच गाठलं. पंधरा सेकंद मोजायचं, चारने गुणायचं, पुढचा! तासाभरात चाळीस नावं लिहून झाली. त्यातल्या छत्तीस जणांचे ठोके शंभरच्या वर.

यादी पाहून ताई पोट धरून हसल्या. "अगं, नाडी कुठली? तू आपला चढ मोजलास! बसव सगळ्यांना. दहा मिनिटं चहा नाही, तंबाखू नाही, गप्पाही नाहीत."

"गप्पा पण नाय?" एक आजी कुरकुरली. "मग आलो कशाला?"

मग ताईंनी स्वतः मोजलं, एकेकाचं पूर्ण मिनिट. अंगठ्याने नव्हे, दोन बोटांनी. "अंगठ्याला स्वतःची नाडी असते. ती मध्ये बोलते," त्या म्हणत. बहुतेक सगळे सत्तर-ऐंशीवर उतरले. एकटा देवजी एकशे सोळावरच राहिला. भात-नाचणी पिकवणारा चाळिशीचा माणूस, पण शर्ट अंगावर नुसता लोंबत होता. माझ्या यादीत तो इतर पस्तीस जणांत बेमालूम हरवला होता.

"मला काय नाय झालं, बाय. लावणी उरकू दे, मग बघू."

"देवजीभाऊ, तू बसलायस आणि तुझं काळीज धावतंय. कशामागे, ते बघायला नको? लावणी दोन दिवस थांबेल."

दुसऱ्या दिवशी ताई स्वतः त्याला घेऊन डहाणूला गेल्या. रक्त तपासलं, थायरॉईड वाढलेलं निघालं, गोळ्या सुरू झाल्या.

दोन महिन्यांनी देवजी आला तो अंगाने भरलेला, लावणी कशी झाली ते सगळ्यांना सांगत. ताईंनी त्याला गप्प बसवलं, मनगट धरलं आणि मोजून म्हणाल्या, "अठ्ठ्याहत्तर." मी आकडा लिहिला, पुढचं नाव पुकारलं. पण ताई हात सोडेनात.

"ताई, मिनिट झालं की."

"तुझ्या वहीचं झालं," त्या म्हणाल्या. "आता नुसती ऐकतेय."