कात टाकतानाचा आवाज

न्यूझीलंडमध्ये साप नाहीत आणि पाळायची परवानगीही नाही. माझे जावई पुण्यात कॉलेजात असताना सर्पमित्र होते. लोकांच्या न्हाणीघरातून, पार्किंगमधून साप पकडून टेकडीपलीकडे सोडून यायचे. हॅमिल्टनला नोकरी लागल्यावर ते सगळं सुटलं. त्यावर तोड म्हणून त्यांनी निळ्या जिभेची सापसुरळी पाळली. आपल्याकडे बागेत पालापाचोळ्यात दिसते तिच्याच कुळातली, पण हातभर लांब, मनगटाएवढी जाड. तिची काचेची पेटी त्यांनी स्वतः बनवली होती. एका टोकाला उबेचा दिवा, दुसरं टोक थंड, वर जाळी, आणि हवा किती दमट आहे ते दाखवणारा छोटा मीटर.

ती सापसुरळी गेली त्याला आता काही वर्षं झाली. घरात तिच्याबद्दल असं सांगितलं जायचं, की तिला फुप्फुसाचा आजार झाला आणि जावयांना तो कात टाकण्याचा आवाज वाटला. ते स्वतःही असंच सांगायचे. ते खरं नाही, आणि आत्ताआत्तापर्यंत हे फक्त मला माहीत होतं.

मी तेव्हा मुलीकडे कायमचा राहायला आलो होतो. ती दोघं सकाळी आपापल्या गाड्या काढून कामावर जायची. मला गाडी येत नाही. दिवसभर घरात मी आणि सापसुरळी. हिवाळ्यात इथलं धुकं निम्मी सकाळ झाली तरी हलत नाही, म्हणून मी तिच्या दिव्याजवळ खुर्ची घेऊन वाचत बसे. एकदा वाचता वाचता बारीक शिट्टी ऐकू आली. श्वासाबरोबर येणारी, थांबून थांबून.

"तिला सर्दी झालीये," मी संध्याकाळी सांगितलं.

जावई पेटीशी वाकले. "सर्दी नाही बाबा, कात टाकतेय. रंग बघा कसा पांढुरका झालाय. नाकपुड्यांवरची जुनी कातडी सुटत आली की श्वास असा वाजतो. आवाज कोरडा आहे, तोंड मिटलेलं आहे. आजारी असती तर ओला आवाज आला असता, नाकाशी बुडबुडे दिसले असते. मान वर करून, तोंड उघडून श्वास घेतला असता."

"मग काय द्यायचं?"

"काही नाही. हात लावायचा नाही, बस."

"बाबांचा नेम नाही हं," मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली. "तिला बाम चोळून ठेवतील."

आम्ही हसलो. माझ्या पत्नीच्या छातीतून शेवटच्या वर्षी असाच बारीक आवाज यायचा. वयाचं आहे, असं डॉक्टर म्हणाले होते आणि मीही तेच म्हणत राहिलो होतो. दुसऱ्या दिवशी घरात एकट्याने ती शिट्टी ऐकत मला बसवेना.

आमच्याकडे तान्ह्या बाळाला अंघोळ घातली की ओव्याची धुरी देत. माझ्या दोन्ही मुलांना पत्नीने दिली. छाती मोकळी होते, असं सगळेच मानत. घरात धूर केला तर छतावरचा अलार्म बोंबलतो, हे मला एव्हाना कळलं होतं. म्हणून मी गॅरेजमध्ये गेलो. बार्बेक्यूचे कोळसे स्टीलच्या वाडग्यात पेटवले, वर ओवा टाकला. सापसुरळीला टॉवेलात गुंडाळून बाळासारखं त्या धुरावर धरलं. तिने निळी जीभ बाहेर काढून फुत्कार टाकला. मला वाटलं, छाती मोकळी झाली.

असं मी सलग काही दिवस केलं. मुलीला एका संध्याकाळी ओव्याचा वास आला. "पोट बिघडलंय का?" तिने विचारलं. मी हो म्हटलं.

कात पडली. तुकड्या-तुकड्यांनी पडली, तशीच पडते. पण आवाज थांबला नाही. जावई म्हणाले, नाकपुडीत एखादा तुकडा अडकला असेल, कोमट पाण्याने सुटेल. पाण्याने सुटला नाही. मग आवाज ओला झाला आणि ती मान उंच करून तोंड उघडायला लागली, तेव्हा आम्ही तिला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या बाईंनी तिला तपासलं आणि विचारलं, घरात धूर होतो का, कोणी सिगारेट ओढतं का, स्प्रे मारता का?

"देवापुढे उदबत्ती असते," मुलगी म्हणाली. "पण ती दुसऱ्या खोलीत."

मी तिथेच बाजूच्या खुर्चीवर होतो. टॉवेल माझ्याच मांडीवर होता.

इंजेक्शनं झाली, पण ती वाचली नाही. जावयांनी तिला मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली पुरलं. रिकाम्या पेटीत आता आम्ही कांदे-बटाटे ठेवतो.

तिच्या जाण्यापेक्षा पुढचं पाहणं मला जड गेलं. गावात सरडे-कासवं पाळणारे बरेच आहेत. ते पूर्वी जावयांना फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायचे, आणि जावई जेवता जेवता ऐकून सांगायचे, कात आहे, थांबा. किंवा, आत्ताच्या आत्ता न्या. त्यानंतर ते सगळ्यांना एकच उत्तर द्यायला लागले: मला त्यातलं कळत नाही.

यंदा मराठी मंडळाच्या गणपतीत एक तरुण बाई फोन घेऊन त्यांच्याकडे आली. तिचा सरडा वाजत होता.

"मला त्यातलं कळत नाही," जावई म्हणाले.

"याला नको विचारूस," मुलगी गमतीत म्हणाली. "याने घरचीच घालवली."

ते हसले आणि प्रसादाची प्लेट घेऊन बाजूला झाले. परतताना गाडीत मी मागच्या सीटवर होतो. मी म्हटलं, "ती शिट्टी कातीचीच होती. तुम्ही कामावर गेलात की मी तिला गॅरेजमध्ये धुरी द्यायचो. ओव्याची."

मुलगी वळून माझ्याकडे बघत राहिली. "बाबा, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही तिथेच होतात."

"होतो."

जावयांनी एक राउंडअबाउट ओलांडला, मग दुसरा. "पहिल्या दिवशी," ते म्हणाले, "मी ऐकलं तेव्हा नाक कोरडं होतं ना?"

"कोरडं होतं. तोंडही मिटलेलं होतं. तुम्ही म्हणालात तसंच होतं सगळं."

त्या रात्री जावई जेवले नाहीत. माझ्याशी ते अजूनही कामापुरतंच बोलतात, आणि बार्बेक्यूच्या कोळशाची पिशवी गॅरेजमधून गेली आहे. मी त्याबद्दल विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते दिवाणखान्यात फोनवर होते. मंडळात भेटलेल्या त्या बाईशीच बोलत होते, हे थोड्या वेळाने लक्षात आलं. "परत एकदा वाजव," ते म्हणाले आणि डोळे मिटून ऐकत राहिले. "कोरडा आहे. नाकाशी काही दिसतंय? नाही ना? मग कातच आहे. हात लावू नकोस."

मी दारात उभा होतो. त्यांनी मला पाहिलं होतं.

"आणि एक," ते फोनवर म्हणाले. "दिवसा घरी कोण असतं? ते धूर-बीर करतात का, ते आधी विचार."